ताटाचा हिशेब, घामाचा हिशेब

रमजानचा चांद दिसला की वर्ध्याच्या, पुलगावच्या, हिंगणघाटच्या मोहल्ल्यांत रात्रीचा दिवस होतो. इफ्तारची लगबग, तरावीहची गर्दी, सेहरीसाठी उजळणाऱ्या खिडक्या हे सारे शेजारच्या हिंदू, बौद्ध, जैन घरांनाही आता पाठ झाले आहे. गेल्या काही वर्षांत त्यात एक भर पडली आहे. तरावीह आटोपून घरी आलेला मुलगा मोबाइल भिंतीला टेकवून गच्चीवर उड्या, दंड, बैठका सुरू करतो. बहीण आतल्या खोलीत दार लावून तेच करते. २०२० च्या टाळेबंदीत घरच्या घरी कसरत करण्याची सवय लागली आणि ती टिकली, ही चांगलीच गोष्ट. पण रमजानात तिला एक वेगळाच हिशेब चिकटतो. रोजे आहेतच, त्यात जोरदार व्यायाम जोडला की ईदपर्यंत आठ-दहा किलो उतरतील, असा तो हिशेब. मोबाइलमधले अ‍ॅपही उंची-वजन विचारून एक आकडा देऊन मोकळे होते : दिवसाला १२०० कॅलरी.

हा आकडा बहुतेकांसाठी चुकीचा आहे आणि त्याची किंमत शरीराला मोजावी लागते. चक्कर, चिडचिड, गळणारे केस, बायकांमध्ये पाळीतली अनियमितता आणि ईदनंतर व्याजासकट परतणारे वजन हा त्याचा शेवट. वजन उतरवू नये असे कोणी म्हणणार नाही. भारतीयांसाठी २३ च्या वरचा बीएमआय म्हणजे जादा वजन आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा धरला जातो. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला की मधुमेह आणि हृदयविकार जवळ सरकतात. प्रश्न एवढाच की खायचे किती, हे ठरवायचे कसे.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला वर्धेकरांना फार लांब जावे लागत नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत आले आणि १९३५ साली गांधीजी तिथल्या स्वयंपाकघरात स्वतः लक्ष घालू लागले. सोयाबीन माणसाला पचेल का, कच्चा पाला किती खाता येईल, चिंचेचा उपयोग काय, असे प्रयोग तिथे चालत. 'हरिजन'मध्ये त्यांचे तपशील छापून येत. पुढे १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत त्यांनी आरोग्यावरचे छोटे पुस्तक लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतर केले डॉ. सुशीला नय्यर यांनी, ज्यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले.

त्या पुस्तकात बैठे काम करणाऱ्या माणसासाठी रोजचे माप दिले आहे : गाईचे दूध दोन पौंड, सर्व धान्य मिळून सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच औंस, कच्ची भाजी एक औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस, फळे आवडीप्रमाणे आणि खिशाप्रमाणे. गांधीजींनी कॅलरीचा आकडा मांडला नव्हता. आजच्या तक्त्यांनी मोजले तर दुधाच्या सुमारे ६००, धान्याच्या ५८०, तुपाच्या ३८०, गुळाच्या १६० आणि भाज्यांच्या ऐंशी-नव्वद अशी बेरीज १८०० च्या आसपास येते. प्रथिने पन्नास ग्रॅमच्या पुढे जातात. म्हणजे अल्पाहारासाठी जगभर ओळखला गेलेला माणूस टेबलाशी बसून काम करणाऱ्याला फळे सोडून १८०० कॅलरी सांगत होता. रोज अर्धा तास घाम गाळणाऱ्या तरुणाला आजचे अ‍ॅप १२०० सांगते.

सरकारी शास्त्रही याच बाजूचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलोच्या बैठ्या पुरुषाला रोज २११० आणि ५५ किलोच्या बैठ्या स्त्रीला १६६० कॅलरी लागतात. मध्यम श्रमाला हे आकडे २७१० आणि २१३० होतात, तर जड श्रमाला ३४७० आणि २७२०. हे वजन आहे तसे राखण्याचे माप आहे. उतरवायचे असेल तर त्यातून काही वजा करायचे. किती वजा करायचे, यातच सगळी मेख आहे.

उदाहरणादाखल ३८ वर्षांची एक गृहिणी धरू. उंची १५५ सेंटीमीटर, वजन ६८ किलो, बीएमआय २८. नुसते पडून राहिले तरी हृदय, मेंदू, यकृत चालवायला शरीर जे इंधन जाळते, त्याला मूळ चयापचय म्हणतात. त्याचे १९९० पासून प्रचलित असलेले सूत्र सोपे आहे : वजनाला दहाने गुणावे, त्यात उंचीची सव्वासहा पट मिळवावी, वयाची पाचपट वजा करावी; मग स्त्री असल्यास १६१ वजा, पुरुष असल्यास ५ अधिक. या बाईंचा आकडा येतो सुमारे १३००. भारतीय शरीरांच्या बाबतीत पाश्चात्त्य सूत्रे थोडा जास्त आकडा दाखवतात, हे ध्यानात ठेवून तो १२०० ते १३०० धरावा. घरातल्या कामासह दिवसाचा खर्च काढायला याला साधारण १.४ ने गुणावे, म्हणजे १७०० ते १८००.

आता व्यायाम. उड्या, दंड, बैठका अशी जोराची कसरत अर्धा तास सलग केली तर ६८ किलोच्या शरीरात त्यापोटी जादा २४० च्या आसपास कॅलरी जळतात. 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. मध्ये पाणी, दम, मोबाइल हे सगळे धरले तर प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी. आठवड्यातून चार दिवस कसरत झाली तर सात दिवसांवर वाटून रोजचे सव्वाशे-दीडशे हाती लागतात. एकूण खर्च झाला १८५० ते १९५०. यातून ४०० ते ५०० वजा केले की दिवसाला १४०० ते १५०० कॅलरी हा या बाईंचा आकडा ठरतो. अ‍ॅपचा १२०० चा आकडा त्यांच्या पडून राहण्याच्या गरजेला जेमतेम पुरतो. त्यावर कसरत करायची म्हणजे रिकाम्या टाकीवर घाट चढवणे. तेच अ‍ॅप उंचापुऱ्या, ८० किलोच्या कॉलेजकुमारालाही कधी १२०० सांगते, तेव्हा त्याने तो आकडा थेट पुसून टाकावा.

मग महिन्यात उतरेल किती? एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. रोजची तूट ४००-५०० ची, म्हणजे तीस दिवसांत बारा ते पंधरा हजार. दीड ते दोन किलो. पहिल्या आठवड्यात काटा याहून झपाट्याने खाली येतो, पण त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. आठ-दहा किलोचे आश्वासन देणारा व्हिडिओ आणि हा दीड-दोन किलोचा हिशेब यांतला फरक लक्षात आला तरी निम्मे काम झाले.

उपाशी राहून कष्ट उपसण्याचे काय होते, याचा सर्वांत मोठा धडा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये मिळाला. लढायला नकार देणारे ३६ शांततावादी तरुण स्वेच्छेने प्रयोगात उतरले. युरोपातल्या युद्धग्रस्त उपाशी लोकांना पुन्हा कसे उभे करावे, हे डॉ. अ‍ॅन्सेल कीज यांना शोधायचे होते. २४ आठवडे त्या तरुणांना रोज सुमारे १५७० कॅलरी दिल्या गेल्या आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावले. त्यांचे वजन जवळजवळ चौथाईने घटले. पण ते थंडीने कुडकुडू लागले, चिडके झाले, मित्रांपासून तुटले. दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले. प्रयोग संपल्यावर खाणे आवरेना. ज्या आकड्याला तिथे अर्धउपासमार म्हटले गेले, त्याहूनही खालचा आकडा आज घराघरांत आरोग्याच्या नावाने धडधाकट पोरांच्या गळी उतरवला जातो आहे.

शरीराचा आणखी एक स्वभाव आहे. इंधन फार कमी मिळाले की ते खर्च आवरते. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते, पण चयापचय मात्र अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी मंद राहिला होता. घाईने उतरवलेल्या वजनाचे कर्ज वर्षानुवर्षे फिटत नाही, ते असे.

आपल्याकडच्या तालमींना हे शास्त्र न शिकता ठाऊक होते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून विदर्भातल्या पोरांना जोर, बैठका, मल्लखांब शिकवत आले आहे. तालमीच्या भाषेत मेहनत आणि खुराक हे शब्द जोडीनेच येतात. मेहनत वाढव आणि खुराक अर्धा कर, असे कोणत्याही वस्तादाने सांगितले नाही. चरबी कमी करायची तर तेल-साखर आवरायची, पण डाळ, दूध, अंडी, चणे हलू द्यायचे नाहीत. नाही तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आज पोषणतज्ज्ञ कसरत करून वजन उतरवणाऱ्याला किलोमागे एक ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिने घ्यायला सांगतात, ती याच कारणासाठी. त्यासाठी महागडा डबा आणायची गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ च्या मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असेच सांगितले आहे. ज्या सोयाबीनचे प्रयोग मगनवाडीत झाले, ते आज या जिल्ह्याच्या शेताशेतांत उभे असते. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या निम्मी प्रथिने असतात. एका अंड्यात सहा ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण, दही, उकडलेले चणे यांनी उरलेले भागते.

आता मुख्य मुद्दा इफ्तारचा. सुमारे तेरा तासांचा रोजा आणि तरीही महिन्याअखेरीस काटा तिथेच, असे अनेक घरांत घडते. रमजानात वजनावर काय परिणाम होतो, यावर जगभर झालेल्या पाहण्यांचा एकत्र धांडोळा घेतला तेव्हा सरासरी घट एक-दीड किलोचीच दिसली आणि तीही पुढच्या काही आठवड्यांत बरीचशी भरून निघाली. कारण दस्तरखानावर आहे. तीन खजुरांच्या सत्तर कॅलरी, दोन समोशांच्या पाचशे, एका बशी भज्यांच्या तीनशे, सरबताच्या दोन ग्लासांच्या दोनशे. मगरिबच्या नमाजाआधीच आकडा हजाराच्या घरात जातो. जेवण व्हायचे असते. अर्ध्या तासाच्या घामाची सगळी कमाई एका समोशात परत गेलेली असते. मोजायचेच असेल तर भाकरी मोजण्याआधी तेल मोजावे. एका मोठ्या चमचाभर तेलाच्या सव्वाशे कॅलरी होतात, मध्यम भाकरीच्या सव्वादोनशे. कढईतले तेल कोणी मोजत नाही आणि भाकरी मात्र ताटातून काढून ठेवली जाते.

हे फक्त एका धर्माच्या घरात घडते असे नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण मराठीनेच घडवली. साबुदाणा, दाण्याचे कूट आणि तूप यांची एक भरली बशी सहाशेच्या पुढे जाते, वर उपवासाचा चिवडा असतोच. सगळ्या उपवासांची भाषा संयमाची आणि ताटे मात्र सणाची, ही तऱ्हा सगळीकडे सारखी. उर्दूत ज्याला एतदाल म्हणतात, त्याला मराठीत मिताहार म्हणतात. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासासाठी मोकळा ठेवावा, ही पैगंबरांची शिकवण मशिदीत दरवर्षी सांगितली जाते. आयुर्वेदही पोटात वायूसाठी जागा राखायला सांगतो. दोन परंपरा इतक्या जवळ येऊन उभ्या आहेत की वाद घालायला जागाच उरत नाही.

विदर्भातच जन्मलेला आणखी एक विचार इथे आठवतो. काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवावे असे सांगितले. त्यांच्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी त्याला रोजच्या साडेचार किलोमीटर चालण्याची जोड देऊन ते महाराष्ट्रभर नेले. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा त्याला विरोध झाला. घरचे पारंपरिक अन्न, थोडे थोडे आणि वेळेवर, हा त्यांचा आग्रह. हा वाद २०१८-१९ मध्ये चांगलाच रंगला. यातले कोणीच कॅलरी मोजायला सांगत नाही, हे लक्षात घेण्यासारखे. आकडा न मोजताही ताट आवरता येते, हा त्यातला धडा. मात्र रोजेदाराने आपली दोन जेवणे म्हणजे दीक्षितांचा मार्गच, असे समजू नये. तिथे पंचावन्न मिनिटांनी तोंड बंद होते. इथे इफ्तारला उघडलेले तोंड सेहरीपर्यंत चालूच राहते. शिवाय पाण्याचा फरक आहेच.

तेव्हा रमजानात कसरत करणाऱ्यांसाठी काही साधी पथ्ये. जोराची कसरत रोजा चालू असताना करू नये. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. इफ्तार हलका करून दीड-दोन तासांनी, किंवा तरावीहनंतर वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. दुपारी हात-पाय मोकळे करण्याइतके चालावे. इफ्तार ते सेहरी दरम्यान दोन-अडीच लिटर पाणी थोडे थोडे प्यावे. सेहरी टाळू नये. भाकरी, अंडी किंवा घट्ट डाळ, दही असे टिकाऊ अन्न घ्यावे. कसरतीपायी झोप मोडत असेल तर कसरत कमी करावी, कारण अपुऱ्या झोपेने भूक वाढते. तरावीहच्या रकाती मोजून कॅलरी जाळल्याचा हिशेब मात्र कोणी करू नये. इबादत इबादतीच्या जागी आणि व्यायाम व्यायामाच्या जागी राहू द्यावा.

काहींनी हा मार्ग डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरूच नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे मधुमेही, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, मूत्रपिंडाचे व हृदयाचे रुग्ण. रक्तातली साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. बोटातून थेंबभर रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, हे उलेमांनीही स्पष्ट केले आहे. आजाऱ्याला सूट धर्मानेच दिली आहे. ती नाकारण्यात पुण्य नाही.

या सगळ्या हिशेबाला एक दुसरी बाजूही आहे, आणि ती याच जिल्ह्यात आहे. वजन उतरवायला कॅलरी मोजणारे घर शहरात आहे आणि त्याच वेळी समुद्रपूर, आष्टी, कारंज्याच्या शिवारात कापूस वेचणारी, निंदण करणारी बाई जड श्रम करते. तिची गरज २७२० ची आहे. रेशनचे माणशी पाच किलो धान्य रोजच्या हिशेबाने साडेपाचशे कॅलरींच्या आसपास भरते. उरलेले तिला मजुरीतून विकत घ्यावे लागते, आणि डाळ-तेलाचे भाव वाढले की पहिली कपात तिच्याच ताटात होते. भूक निवडणारा आणि भूक वाट्याला आलेला यांच्यातले अंतर ओळखता यावे, हाही रोजाचा एक हेतू सांगितला जातो. ईदच्या नमाजाआधी द्यायचा फितरा आजही गव्हाच्या मापाने ठरतो : माणशी सुमारे पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत. कॅलरीत मोजले तर साधारण सहा हजार, म्हणजे एका माणसाची जवळजवळ तीन दिवसांची गरज. शतकानुशतके चालत आलेल्या या मापात एका भुकेल्या पोटाचा इतका नेमका विचार आहे.

अ‍ॅपवर सोडलेले काम आता माणसांनी हाती घ्यायला हवे. जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. प्रत्येक महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा विभाग आहे, गावोगावी आरोग्य केंद्रे आहेत. रमजान, श्रावण, नवरात्र यांच्या आधी एक दिवस वजनकाटा, उंचीची पट्टी आणि वर सांगितलेले सूत्र घेऊन कोणी बसले, तरी शेकडो पोरापोरींना आपला खरा आकडा कळेल. खर्च जवळजवळ शून्य. मशिदीच्या आणि मंदिराच्या आवारातही हे करता येईल; दोन्हीकडे उपवास करणारे येतातच.

आणि घरातही एक बदल शक्य आहे. तळणाची कढई रोज चढवणारी बाई स्वतःही रोजात असते आणि तिच्या कसरतीची नोंद कुठल्याच अ‍ॅपमध्ये होत नाही. कढई आठवड्यातून दोन दिवसांवर आली तर सगळ्या घराचे वजन आवरेल आणि तिला असरनंतर तासभर पाठ टेकता येईल. ईदला शीरखुर्मा पोटभर खावा, शेजाऱ्यांना द्यावा, कोणी गोरसपाकाचा डबा घेऊन आले तर तोही उघडावा. एका दिवसाच्या गोडाने कोणाचे वजन वाढत नाही. ते वाढते उरलेल्या अकरा महिन्यांच्या रोजच्या ताटाने, आणि उतरायचे असेल तर तिथूनच, महिन्याला दीड-दोन किलोंनी उतरेल.